निखाऱ्याची चाल

काड्यापेटी कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

तेव्हा चूल विझली तर शेजारणीकडे जायचं, गोवरीच्या तुकड्यावर एक निखारा मागायचा आणि वाऱ्याला हात आडवा धरून तो घरी आणायचा. विस्तव म्हणजे घरातलं एक माणूसच होतं म्हणा. रात्री त्याला राखेची गोधडी पांघरून निजवायचं, पहाटे हलकी फुंकर घालून उठवायचं.

अशा त्या काळी उंच डोंगरांच्या मधोमध एक गाव होतं. चारी बाजूंनी डोंगर आणि तळाशी गाव, जणू खोल वाटीत ठेवलेलं. दुसरं गाव जवळपास नव्हतं. थंडीच्या दिवसांत तिथं धुकं उतरलं की उठायचं नाव घेत नसे, आणि म्हशीच्या पाठीवरसुद्धा दव गोठून पांढरं होई.

त्या गावाची एक रीत होती. कडक थंडीतला एक दिवस ठरलेला असे. त्या दिवशी सकाळी सगळ्या गावाने आपापल्या चुली पाणी शिंपडून विझवायच्या. वर्षभराची राख शेतात नेऊन टाकायची. जुन्या राखेबरोबर जुनं दुखणं, जुनं भांडण गावाबाहेर जातं, असं लोक मानत. मग नवा विस्तव आणायचा. तो कुठून? तर खिंडीच्या पलीकडे, डोंगरमाथ्यावर एक धुनी होती. ती कधीच विझलेली नव्हती. प्रत्येक आळीतून एकाने धावत तिथं जायचं आणि बोळक्यात निखारा घेऊन धावत परत यायचं. ज्याचा जिवंत निखारा आधी गावात येईल, त्याच्यावर साऱ्या गावाच्या चुली पेटायच्या. त्याला लाल पागोटं मिळायचं, आणि नव्या विस्तवावरची पहिली भाकरी त्याची.

सकाळी निघालेल्यांपैकी कुणी ना कुणी दुपारच्या भाकरीपर्यंत येऊन पोचायचंच. तेवढा वेळ गाव गारठत बसायचं. पोरं म्हणायची, "आज चूल नाही, आज आईला सुट्टी." आणि बाया हसायच्या.

त्या गावात एक तरुण कुंभार राहत होता. हात मातीत, पण नाव पायांचं. जत्रेत चावडीपासून ओढ्यापर्यंत पळायची शर्यत व्हायची, त्यात तो कधी हरला नव्हता. लोक म्हणायचे, "याची सावलीसुद्धा याच्या मागून धापा टाकत येते."

पण ती शर्यत केवढीशी? आईने जेवायला हाक मारावी आणि पोराने "आलो" म्हणावं, तेवढ्यात संपणारी. धुनीची लांबची धाव तो एकदाही धावला नव्हता. त्याच्या आळीतून आजवर त्याचा बाप जायचा. बाप गेला, आणि त्या वर्षी पाळी या तरुणावर आली.

त्याच थंडीत त्याच्या घरी मुलगी झाली. किती नवस, किती वाट पाहणं, तेव्हा कुठं पाळणा हलला होता. पण पोर दिवस भरायच्या आधीच आली. एवढीशी, की सुपात निजवली तरी सूप रिकामं वाटावं. रडायची तेही मांजराच्या पिल्लासारखी. तिचे तळवे सारखे गार पडायचे. कुंभाराची बायको रात्रंदिवस ते इवले तळवे हातात धरून बसायची.

गावची म्हातारी सुईण रोज यायची. बाजेखाली शेगडी ठेवलेली असे. तिच्यावर फडकी गरम करायची आणि एकेक करून पोरीला गुंडाळायची. निघताना सुईण दर वेळी तेच सांगे, "दुधाचं मी बघते. तू उबेचं बघ. हिची शेगडी थंड पडता कामा नये."

नव्या विस्तवाचा दिवस जवळ आला. आदल्या दिवशी गावचे पाटील स्वतः कुंभाराच्या दारात आले. म्हातारा माणूस, काठी टेकत आला.

"हे बघ," पाटील म्हणाले, "तुझ्या घरी ओली बाळंतीण आहे, पोर नाजूक आहे. यंदा तुझी शेगडी विझवू नकोस. गावाला काय सांगायचं ते मी सांगतो. आणि धावायलाही दुसरं कुणी जाईल."

कुंभार काही बोलणार, तोच समोरच्या पारावर बसलेला तेली हसत म्हणाला, "वा, पाटील. म्हणजे घरात जुना विस्तव राखायचा आणि पायांची कीर्ती पण राखायची. कुंभाराच्या दोन्ही हातांत लाडू."

शेजारचा सुतारही हसला. "पळू दे त्याला ओढ्यापर्यंत. डोंगर काय, आम्ही आहोत की."

ती थट्टाच होती. रोज सकाळी एकमेकांना रामराम करणाऱ्या माणसांची थट्टा. पण कुंभाराला ती लागली.

"नको पाटील," तो म्हणाला. "माझ्या लेकीचं पहिलं वर्ष चोरट्या विस्तवावर नको सुरू व्हायला. शेगडी सगळ्यांबरोबर विझेल. आणि नवा विस्तव मीच आणीन. भाकरीची वेळ व्हायच्या आत आणीन."

पाटील काठी टेकत निघून गेले.

संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, एक निखारा राखेत झाकून ठेवते ना मी. एका कोपऱ्यात. कुणाला दिसणार आहे?"

"मला दिसेल," कुंभार म्हणाला.

"हिला काही झालं तर?"

"काय होणार आहे? हा गेलो आणि हा आलो. माझे पाय तुला माहीत नाहीत का?"

बायकोला ते पाय माहीत होते. ती गप्प बसली. बाईमाणूस गप्प बसतं तेव्हा पटलेलंच असतं असं नाही, पण घरात तसंच धरलं जातं.

गावात एक म्हातारा मेंढपाळ होता. तो आपल्या मेंढवाड्याकडून दरवर्षी धुनीला जायचा आणि दरवर्षी सगळ्यांत शेवटी यायचा. तो येईपर्यंत बाकीच्यांच्या चुली पेटून भाकऱ्यासुद्धा खाऊन झालेल्या असत, दिवेलागणीची वेळ झालेली असे. पोरंठोरं त्याला चिडवत.

त्या संध्याकाळी कुंभार नवं बोळकं घेऊन चावडीपाशी आला, तेव्हा म्हातारा तिथं तळहातावर तंबाखू मळत बसला होता.

"काय बाबा," कुंभार म्हणाला, "तुम्ही आत्ताच निघा. म्हणजे उद्या आमच्याबरोबर पोचाल."

"निघालो असतो रे," म्हातारा म्हणाला, "पण तू वाटेत कुठंतरी बसलेला सापडशील. तुला आणायला माणूस मागं नको का?"

सगळे हसले. कुंभारही हसला. म्हाताऱ्याने त्याला खुणेने जवळ बसवलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "पहिल्यांदा जातोयस म्हणून सांगतो. ही तुझ्या पायांची धाव नाही. हातात विस्तव आहे. त्याच्या चालीनं चालायचं. निखारा लाल फुलला की समज, वारा जास्त झाला, आपण हळू व्हायचं. काळवंडला की पाय उचलायचे. मी मेंढरांमागून चालायला शिकलो, तसंच हे."

"बाबा, आवा लावून मडकी भाजणारा माणूस मी. मला विस्तव शिकवता?" कुंभार म्हणाला.

त्यात खोटं काही नव्हतं. आवा पेटला की तो रात्रभर त्याच्यापाशी बसे. जाळ चढू देत नसे. जाळ एकदम चढला तर मडकी तडकतात, हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. म्हातारा म्हणाला, "मग तर काही सांगायलाच नको," आणि तंबाखू दाढेत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं दाट होतं की अंगणातून शेजारचं तुळशीवृंदावन दिसत नव्हतं. चावडीवर ढोल वाजू लागला. घराघरात चुलींवर पाणी पडू लागलं.

कुंभाराने तांब्या घेतला. शेगडीजवळ बसला. बायको पोरीला उराशी धरून पाहत होती. त्याने पाणी ओतलं. चर्र आवाज झाला, वाफेचा एक लोट वर आला, आणि खोलीत ओल्या राखेचा वास पसरला.

तो उठला. बोळकं घेतलं. लेकीच्या कपाळाला बोट लावलं.

"लवकर या हं," बायको म्हणाली.

दारात सुईण बसली होती. ती म्हणाली, "लवकर नको रे बाबा. नीट ये."

माणसाला दोन गोष्टी सांगितल्या तर त्याचं मन ज्या बाजूला आधीच झुकलेलं असतं, तीच त्याला ऐकू येते. कुंभाराला पहिलीच ऐकू आली.

ढोल थांबला आणि सगळे सुटले. वेशीपर्यंत दोन्ही बाजूंना गाव उभं होतं. लोक ओरडत होते, टाळ्या वाजवत होते. कुंभार वेशीतून असा निघाला, जसा जत्रेत ओढ्याकडे निघायचा. मागच्यांनी पाहिलं की हा तर दिसेनासा होतोय. तेली म्हणाला, "अरे, हा आत्ताच पागोटं बांधून घेतो की काय." आणि तोही सुटला. त्याच्या मागून सुतार सुटला, बाकीचेही सुटले. दरवर्षी हीच माणसं गप्पा मारत, एकमेकांची चेष्टा करत चढ चढायची. त्या वर्षी कुणी बोललं नाही. बोलायला श्वासच उरला नव्हता.

मेंढपाळ म्हातारा मात्र काठी खांद्यावर टाकून आपल्या चालीनं निघाला.

खिंडीपर्यंत कुंभाराचे पाय हलके होते. खिंडीनंतर ते आपले वाटेनात. छातीत टोचू लागलं. पण डोळ्यांपुढं विझलेली शेगडी होती. तो थांबला नाही.

धुनीपाशी एक म्हातारी जोगीण बसलेली असे. तिने त्याला येताना पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

"बस," ती म्हणाली. "श्वास खाली बसू दे. तुझ्या बोळक्यात राख पसरते, गोवरी एका कडेनं धरू देते. निखाऱ्यालाही बसायला वेळ लागतो."

"माय, वेळ नाही. लेक गारठली आहे."

"म्हणूनच म्हणते, बस."

तो बसला नाही. त्याने चिमटा ओढून घेतला, राखेचा पातळ थर दिला, पेटती गोवरी बोळक्यात टाकली आणि उताराला लागला.

उतार, मोकळं रान आणि समोरून वारा. बोळक्याच्या भोकांतून वारा आत शिरला आणि निखारा फुलला. लालभडक झाला. ठिणग्या उडू लागल्या, बोळक्याची कड हाताला पोळू लागली. कुंभाराने एकदा वाकून पाहिलं आणि त्याला आनंद झाला. त्याला वाटलं, बघा, केवढा जिवंत आहे.

आव्यापाशी बसलेल्या कुंभाराने असा जाळ पाहिला असता तर धावत जाऊन माती टाकून तो दाबला असता. पण हा आव्यापाशी बसलेला कुंभार नव्हता. हा बाप होता, आणि बापाच्या डोळ्यांना त्या वेळी लाल म्हणजे फक्त ऊब दिसत होती.

खिंडीच्या अलीकडे एक मोठा दगड आहे, तिथून गावावरचं धुकं दिसतं. तिथं त्याच्या हाताला काही पोळेनासं झालं.

तो थांबला. बोळक्यात पाहिलं. गोवरी होती तशी होती, गोल, अखंड. नुसती पांढरी झाली होती. त्याने हलकेच फुंकर घातली. सगळी गोवरी राख होऊन त्याच्या तोंडावर उडाली.

त्याने राखेत बोट घातलं. आणखी खोल घातलं. कुठंही चटका बसला नाही.

थोड्या वेळाने तेली धापा टाकत आला. "काय रे, बसलास होय," म्हणाला आणि पुढं जाणार, तेवढ्यात त्याची नजर कुंभाराच्या राखेनं माखलेल्या तोंडावर पडली. त्याने घाईनं आपलं बोळकं उघडलं. मग तोही खाली बसला. मागून सुतार आला. त्याने तर उभ्यानेच बोळकं पालथं केलं, त्यातून राख पडली, आणि वाऱ्याने ती नेली. जे जे आले, ते ते तिथंच बसले. सगळे एकाच्या मागून धावले होते, सगळ्यांचं एकच झालं होतं.

कुणी कुणाला दोष दिला नाही. तेली एवढंच म्हणाला, "काल मी बोलायला नको होतं."

तिकडे गावात काय चाललं होतं?

त्या दिवशी ऊन पडलंच नाही. कुंभाराच्या घरात आळीतल्या सगळ्या बाया जमल्या होत्या. आईच्या अंगात आता ऊब उरली नाही म्हणून पोर एका बाईच्या उराशी, मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. ज्या बाया एरवी पाण्याच्या पाळीवरून, कोंबड्यांवरून भांडायच्या, त्या आता पोरीला उराशी धरून गोधडीत बसल्या होत्या. सुईण तळवे चोळत होती. एक पोरगी सारखी वेशीपर्यंत जाऊन येत होती आणि दारातूनच मान हलवत होती.

भाकरीची वेळ झाली. टळली.

मग पाटील उठले. रीत मोडायची त्यांची आयुष्यातली ती पहिलीच वेळ. ते स्वतःची चकमक घेऊन कुंभाराच्या अंगणात बसले आणि गारेवर पोलाद घासू लागले. ठिणगी पडायची, पण धुक्यानं सगळा कापूस दमट झाला होता. ठिणगी त्याच्यावर पडून विझायची. म्हातारे हात घासून घासून सोलवटले. "आणखी कोरडा कापूस आणा," ते म्हणत, आणि बाया उशा उसवून कापूस आणत, आणि तोही ओलाच निघे.

डोंगरावर कुंभार वाट पाहत नुसता बसला नव्हता. तो परत वर चढू लागला होता. पाय उचलत नव्हते, तेव्हा हातांनी दगड धरून चढत होता. आणि खूप वेळाने, वरच्या वळणावर, त्याला काठीचा आवाज ऐकू आला.

मेंढपाळ म्हातारा येत होता. कमरेशी बोळकं, वर घोंगडीचं टोक धरलेलं.

"बाबा, तुमचा आहे का?" कुंभाराने विचारलं. त्याला "निखारा" म्हणवेना.

म्हाताऱ्याने घोंगडी बाजूला करून दाखवलं. राखेच्या आत बोराएवढा लाल ठिपका होता.

सगळं समजायला म्हाताऱ्याला एक नजर पुरली. तो हसला नाही, कालचं काही बोलला नाही. त्याने बोळकं पुढं केलं. "तू ने. तुझ्या घरी जास्त गरज आहे."

कुंभाराचे हात पुढं आले. त्याने त्या लाल ठिपक्याकडे पाहिलं, मग खालच्या वाटेकडे पाहिलं, आणि हात मागे घेतले.

"नको बाबा. माझ्या हातात आला तर मी पळेन. माझा मलाच भरवसा नाही. तुम्हीच न्या."

"मी हळू जाणार रे."

"माहीत आहे."

आणि मग गावातला सगळ्यांत जलद माणूस गावातल्या सगळ्यांत हळू माणसाच्या मागून चालू लागला. लोकहो, आयुष्यात तो पुष्कळ शर्यती पळाला, पण ही चाल त्याला सगळ्यांत अवघड गेली. पुढं म्हाताऱ्याची पाठ, मागं त्याचा धडधडणारा जीव.

एकदा त्याच्याने राहवलं नाही. "बाबा, थोडं जलद..."

म्हातारा थांबला. त्याने घोंगडी बाजूला केली. "मला नको विचारू. याला विचार."

ठिपका मिणमिणत होता. वाऱ्याची झुळूक आली तसा भडकला आणि थोडा लहान झाला. कुंभाराने स्वतःची पाठ वाऱ्याकडे केली आणि आपलं उपरणं आडवं धरलं. "चला," तो म्हणाला. "तुमच्या चालीनं चला."

तो वाऱ्याच्या बाजूने चालत राहिला. दगडापाशी बसलेले बाकीचेही उठले आणि त्या लहानशा निखाऱ्याभोवती भिंतीसारखे चालू लागले. तेली, सुतार, सगळे. सकाळी एकमेकांच्या पुढं जाण्यासाठी धडपडणाऱ्या माणसांपैकी आता कुणीही पुढं जात नव्हतं.

वेशीशी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. गावात एकही दिवा नव्हता. ढोल कुणी वाजवला नाही.

वेशीवर सुईण उभी होती. तिला पाहून कुंभार जागीच थबकला. सुईण आपली जागा सोडून कधी वेशीवर येत नसे. ती आली, तिने त्याच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "चल. ती वाट बघतेय."

"कोण?" त्याने विचारलं.

"तुझी बायको," सुईण म्हणाली.

त्याला कळलं.

घरात बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाटील अंगणात होते, चकमक अजून त्यांच्या हातात होती. बायको बाजेवर बसली होती. पोर तिच्या मांडीवर होती, धुतलेल्या फडक्यात, नीट गुंडाळलेली. तळवे तिने अजून हातात धरले होते.

"आणलात?" तिने विचारलं.

"यांनी आणला," कुंभार म्हणाला.

"ठेवा शेगडीत."

म्हाताऱ्याने बोळकं त्याच्या हातात दिलं. या वेळी त्याने ते घेतलं. त्याने सकाळची ओली राख बाजूला सारली, कोरडी गोवरी मोडून घातली, निखारा ठेवला आणि हळूच, अगदी हळूच फुंकर घातली. जशी आव्याला घालतो तशी. शेगडी पेटली.

खोलीत उजेड झाला. ऊब पसरली. जिला शेकायचं, ती उरली नव्हती.

मग बायको म्हणाली, "मीच म्हणाले होते, लवकर या."

"तू बरोबर म्हणालीस," कुंभार म्हणाला. "विझवली मी. पळालो मी."

दोघं शेगडीपाशी बसून राहिले. त्या रात्री गावाने त्याच शेगडीतून विस्तव नेला. एकेक माणूस आत यायचं, मान खाली घालून निखारा घ्यायचं आणि न बोलता जायचं. पागोटं कुणाला बांधायचं हे कुणी विचारलं नाही. पहिली भाकरी भाजली, ती मेंढपाळाने घेतली नाही. ती परातीतच राहिली.

दुसऱ्या वर्षी पाटलांनी रीत बदलली. ज्या घरात तान्हं मूल असेल, दुखणाईत माणूस असेल, त्या घरची चूल विझवायची नाही, मग कुणी काही म्हणो. आणि आधी कोण येतो हे पाहायचं नाही. ज्याचा निखारा जिवंत, त्याचा मान.

कुंभार पुढं म्हातारा होईपर्यंत दरवर्षी धुनीला जात राहिला. धावणाऱ्या सगळ्यांसाठी तो स्वतः बोळकी घडवायचा, जाड तळाची, बारीक भोकांची. नव्या पोराला जवळ बसवून सांगायचा, "लाल झाला की हळू हो." पोरं म्हणायची, "माहीत आहे हो काका." तो म्हणायचा, "मलाही माहीत होतं." मग पोरं ऐकायची.

त्यांना पुढं मुलं झाली की नाही, ते गोष्टीत नाही. एवढंच आहे, की ढोल वाजला की कुंभाराची बायको वेशीवर जाऊन उभी राहायची. निघणाऱ्या प्रत्येकाला, ओळखीचा असो नसो, ती एकच सांगायची, "सावकाश जा. नीट या." त्या गावात मग तीच रीत पडली. घरातून कुणी बाहेर पडलं, बाजाराला जावो की शेतावर, दारातून कुणी "लवकर ये" म्हणत नाही. जीव कितीही टांगणीला लागला असला तरी म्हणत नाही.

तात्पर्य: माया माणसाला धावायला लावते, पण घरापर्यंत पोचवतो तो धीर.